आक्कानं सोडलेलं वांगं

हे लिहायचं मी फार वर्षं टाळलं. लिहिणं सोडाच, बोलायचंही टाळलं. बायकोला सांगितलं नाही, मुलांना सांगितलं नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिच्या दारावरून रोज जात-येत होतो तरी तिलाही सांगितलं नाही. आता इंदूआक्का गेली. दिवाळी उलटून थंडी पडायला लागली होती. मी सकाळी अंगणात तोंड धूत उभा होतो आणि तिचा मुलगा सुनील भिंतीपलीकडून म्हणाला, "वसंतमामा, आई गेली हो..." एवढंच. हातातल्या तांब्यातलं पाणी तसंच ओतून मी पलीकडे गेलो.

पुढचे काही दिवस भेटायला माणसं येत राहिली. आमच्या वडगावात माणूस गेलं की गल्ली त्याची एखादी गोष्ट निवडून ठेवते आणि येईल त्याला तीच सांगते. आक्काची गोष्ट अशी की तिच्या हातून चुकून परड्यातली मुंगसं मेली आणि त्याचं प्रायश्चित्त म्हणून तिनं जन्मभराचं वांगं सोडलं. मुक्या जनावरासाठी आवडीची भाजी सोडणारी बाई म्हणून ऐकणारा हात जोडायचा. मीही तिथंच भिंतीला टेकून बसलेला असायचो. कुणीतरी माझ्याकडं बघून म्हणायचं, "वसंतरावांना विचारा की, त्यांच्या डोळ्यांदेखत घडलंय." मी मान हलवायचो.

ती गोष्ट खोटी आहे. आक्कानं वांगं सोडलं हे खरं, पण मुंगसं तिच्या हातून मेली नाहीत. ती माझ्यामुळं मेली. पंच्याहत्तरी कधीच ओलांडली आहे माझी, आणि ही गोष्ट अशीच माझ्यामागंही सांगितली जाईल या विचारानं आता झोप लागत नाही.

आमची दोन घरं भिंतीला भिंत लागून आहेत. आक्काचे यजमान मारुतीआप्पा यांनी मला हातमागावर बसवलं. माझे वडील लवकर गेले होते. आप्पांनी स्वतःच्या शेजारी बसवून आडवा धागा नेणारा धोटा कसा टाकायचा, तुटलेला धागा कसा जोडायचा हे शिकवलं आणि दुपारी घरात नेऊन जेवायला वाढलं. वाढायला आक्का असायची. तिला भाऊ निपाणीला होता, पण भाऊबीजेला तो येईपर्यंत तिला धीर नसायचा. सकाळीच मला ओवाळून मोकळी व्हायची. तंबाखूच्या निपाणीहून लग्न होऊन आली म्हणून गल्लीतल्या बायका तिला सुरुवातीला "तंबाखूवाली" म्हणत. ती म्हणायची, "म्हणा की. पर माझ्याम्होरं शिंकायचं न्हाय." बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच राहिलं, बाई असून 'मी आलो, मी गेलो' म्हणायची. आप्पा गेल्यावर त्यांचे माग विकले गेले, सुनील नोकरीसाठी पुण्याला गेला, आणि आक्काला एक परडं तेवढं उरलं.

घरामागची ती लांबट जागा. शेवटाला आड, आडाजवळ मोडक्या हातमागाची लाकडं रचलेली. पण त्यात काय नव्हतं! पायरीशी गवती चहा आणि ओवा, मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ, भिंतीकडंला घेवडा, दोडका, मधे मिरची आणि काटेरी हिरव्या वांग्यांच्या दोन ओळी, कडेला लिंबू, पेरू, कढीपत्ता. वेल चढवायला ती काठ्या रोवायची आणि त्यांवर माझ्या कारखान्यातलं वाया गेलेलं सूत ताणायची. माझ्याकडं तोवर यंत्रमाग आले होते आणि तुटक्या सुताला तोटा नव्हता. दर साली तिची फर्माईश ठरलेली. "औंदा जांभळं दे रं वसंता. गेल्या साली हिरवं दिलास, दोडका कुठला आन् सूत कुठलं कळंना." मग तिचे दोडके जांभळ्या सुतावर लोंबायचे. त्यातलंच सूत पाखरं घरट्याला न्यायची. एका साली लिंबावरच्या शिंजिराच्या घरट्यात जरीचा धागा चमकत होता. आक्का गल्लीभर सांगत सुटली, "माझ्या पाखराची पिल्लं जरीत जन्मली, तुमची पोरं गोधडीत."

जनावरांशी तिचा वाटणीचा हिशेब असायचा. पेरूची शेंड्याकडची फळं पोपटांची आणि वटवाघळांची, हाताला येतील ती माणसांची. कढीपत्त्याची एक फांदी फुलपाखरांच्या अळ्यांना दिलेली, त्या फांदीचं पान ती आमटीलासुद्धा तोडायची नाही. माझी बायको शालन एकदा धामण बघून किंचाळली तर आक्का आतूनच ओरडली, "वरडू नगंस गं, ती भाडं देती. उंदीर खाती." आणि सगळ्यांत लाडकी म्हणजे मोडक्या मागाच्या लाकडांखाली राहणारी मुंगसाची जोडी. त्यातल्या मादीला ती "सूनबाई" म्हणायची. पावसाळ्याच्या तोंडाला सूनबाई पिल्लांना घेऊन बाहेर पडायची, एकामागोमाग एक, जणू एकच लांब जनावर सरपटत चाललंय. आडाजवळच्या दगडी डोणीत आक्का त्यांच्यासाठी पाणी भरून ठेवायची. पाणी पिऊन झालं की ती मिरवणूक भिंतीच्या मोरीतून माझ्या कारखान्याच्या मागच्या अंगाला जायची. पुण्याची सून वर्षातनं एकदा यायची. आक्का तिच्यासमोरच म्हणायची, "ही माझी दुसरी सून बरी, रोज येती आन् सैपाक बी मागत न्हाय." ती सूनही हसायची. आक्काचं बोलणं कुणाला लागायचं नाही.

फवारणीचं औषध तिनं परड्यात कधी येऊ दिलं नाही. घेवड्यावर आणि वांग्यावर माव्याची चिकट कीड पडली की ती माहेरचा उपाय करायची. निपाणीहून भाऊ तंबाखूची देठं आणि भुकटी पिशवीतून पाठवायचा. ती बादलीत भिजत घालायची, रात्रभर ठेवायची, सकाळी गाळून कडुलिंबाच्या डहाळीनं पानांवर शिंपडायची. ते पाणी विषारी हे तिला माहीत होतं. म्हणून बादलीवर फरशीचा तुकडा आणि फरशीवर धोंडा ठेवल्याशिवाय ती घरात जायची नाही. त्या एका बाबतीत ती फार कडक होती.

त्या वर्षी लग्नसराईच्या साड्यांचं काम माझ्याकडं होतं, आणि कारखान्यात उंदीर झाले. सुताला खळ लावलेली असते, त्या खळीच्या वासानं उंदीर येतात. एका सकाळी बघतो तर मागावर चढवलेला अख्खा ताणा, साडीचे सगळे उभे धागे, मधोमध कुरतडलेला. कित्येक दिवसांची मेहनत दाढीच्या केसांसारखी खाली पडली होती. मी आक्काकडं जाऊन बोंब मारली. ती म्हणाली, "सापळं लाव. पर औषध घालू नगंस बघ वसंता. मेलेला उंदीर माझी सूनबाई खाईल." मी म्हणालो, "न्हाय घालत, आक्का." "शपथ?" "तुझी शपथ."

सापळे लावले. दोन-तीन उंदीर सापडले, बाकीचे शहाणे झाले. दुसरा ताणा चढवला त्यालाही दात लागले, तेव्हा मी बाजारात गेलो. दुकानदारानं निळ्या वड्या दिल्या. "लगेच मरत न्हाईत," तो म्हणाला, "चार-पाच दिवस घेतात, आतनं रक्त सुटतं, बाहेर जाऊन मरतात. घाण वास न्हाय, कटकट न्हाय." बाहेर जाऊन मरतात... हे ऐकून मला बरं वाटलं होतं. आपल्या छताखाली मरणार नाहीत एवढंच मी बघितलं. बाहेर म्हणजे कुठं, हा विचार केला नाही असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. पण विचार आला होता. आक्काच्या भिंतीला लागून असलेल्या सुताच्या खोलीत मी वड्या ठेवल्या आणि शालनलासुद्धा बोललो नाही.

काही दिवसांनी भर दुपारी एक उंदीर मोरीच्या तोंडाशी आला. दारू प्यायल्यासारखा झुलत होता, पळायची ताकद नव्हती. पलीकडून सूनबाई आली, त्याची मान धरली आणि घेऊन गेली. मागून पिल्लं. मी खिडकीत उभा राहून बघितलं. हाक मारून तिला हुसकावता आलं असतं, एक खडा मारता आला असता, आक्काला आवाज देता आला असता. मी मागाकडं परत वळलो.

त्या आठवड्यातच, एका सकाळी उजाडता उजाडता आक्काची किंकाळी ऐकू आली. मी धावलो. डोणीच्या कडेला सूनबाई पडली होती, पाण्याकडं तोंड करून. तिच्या पोटाशी दोन पिल्लं. तिसरं केळीखाली. आक्का मांडी घालून चिखलात बसली होती. बाजूला तंबाखूच्या पाण्याची बादली, उघडी. फरशी खाली पडलेली.

"वसंता," ती म्हणाली, "मी शिंपायला म्हणून आलो, अंधारच हुता. फरशी आत्ता काढलो का रातीपासनंच उघडी हुती... मला आठवंना रं. ही बघितलो आन् डोस्कंच चालंना." मग तिनं माझा हात धरला. "तू काल संध्याकाळी खिडकीत हुतास न्हवं? मी झाकलो हुतो का रं?"

मी खिडकीत होतो. मी बघितलं होतं. तिनं फरशी ठेवली, वर धोंडा ठेवला, धोंडा नीट बसला का म्हणून हलवूनही बघितला. धोंड्याचा आवाजसुद्धा मला ऐकू आला होता. आणि आता सूनबाईच्या नाकाशी सुकलेलं रक्त मला दिसत होतं. ते तंबाखूचं काम नव्हतं. "झाकलेली होती" म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता, मग हिनं खाल्लं काय? आणि भिंतीपलीकडं माझी सुताची खोली होती.

"उघडीच हुती वाटतंय, आक्का," मी म्हणालो.

तिनं माझा हात सोडला. रागानं नाही. हळूच, जसा भरलेला तांब्या खाली ठेवतात तसा.

पेरूच्या बुंध्याशी आम्ही खड्डा खणला. मीच खणला. जोडीतलं दुसरं मुंगूस नंतर कधी दिसलं नाही. कारखान्यातल्या उरलेल्या वड्या मी त्याच दिवशी काढून पुरल्या. चौथ्या-पाचव्या दिवशी आक्कानं आंघोळ करून तुळशीपुढं पाणी सोडलं आणि वांगं सोडलं. आपल्याकडं माणसं काशीला जाऊन नावडती भाजी सोडून येतात, तिनं घरच्या घरी आवडती सोडली. वांग्यावरचा मावा मारायला म्हणून विष भिजवलं, तर ते वांगं आता माझ्या तोंडात नको, असा तिचा सरळ न्याय. कारळाचं कूट घालून केलेलं तिचं भरलं वांगं ज्यानं खाल्लंय त्यालाच कळेल तिनं काय सोडलं ते.

तंबाखूही गेला. भावानं पिशवी पाठवली ती तिनं तशीच परत केली. पुढच्या साली माव्यानं घेवडा काळा पडला, ती एकेक पान ओल्या फडक्यानं पुसत बसायची. मुंगसं नाहीत म्हणून उंदीर वाढले, भुईतलं रताळं तिच्या हाताला लागेना. तरी वांग्याच्या दोन ओळी ती लावायचीच, गल्लीसाठी. आणि डोणी! रोज सकाळी ती डोणी घासायची, नवीन पाणी भरायची, आणि आधी स्वतः चूळभर तोंडात घेऊन बघायची. मी एकदा म्हणालो, "काय करायलीस हे आक्का?" तर म्हणाली, "माझ्या हाताचा भरवसा न्हाय उरला रं मला."

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, ती मिसळीची भाजी करून तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीबरोबर मला वाढायची. भोगीच्या भाजीत वांगं असतंच. स्वतःच्या ताटात ती नुसती भाकरी आणि लोणी घ्यायची. "खा रं," म्हणायची, "तुझ्या तोंडानं मला चव कळती." मी खायचो. दर वर्षी खाल्लं.

सांगायचा प्रयत्न केलाच नाही असं नाही. काही वर्षांनी तिच्या भावाच्या नातवाचं बारसं होतं म्हणून आम्ही दोघं निपाणीच्या बसमध्ये होतो. गाव जवळ आलं तसा उघड्या खिडकीतून तंबाखूचा वास यायला लागला. बाकीच्यांना शिंका आल्या, आक्कानं पदर नाकाला लावला. म्हणाली, "म्हायेरचा वास. आन् आता म्हायेरला बी यावंसं वाटत न्हाय." मी मनाचा हिय्या केला. "आक्का, त्या दिवशीची ती बादली..."

"गप बस," ती म्हणाली. "त्याचं कायच बोलू नगंस. एक सांगतो तुला. तिथं दुसरा कोण असता तर 'झाकलेली हुती की' म्हणून माझं मन राखला असता. तू न्हाय राखलास. खरं बोललास. आप्पा म्हणायचे, वसंता धागा तुटला तर लपवत न्हाय. म्हणून तुला मानतो मी."

त्यानंतर मी खिडकीबाहेर बघत राहिलो. खोटं बोलणाऱ्याला शिव्या खायची तयारी असते, पण त्याच खोट्यासाठी मान मिळाला की तोंडाला कुलूपच लागतं. आणि आणखी एक झालं. आता खरं सांगितलं तर ते मन राखण्यासाठी सांगितल्यासारखं वाटणार होतं. ही दुसरी भीती पहिलीपेक्षा सोयीची होती, म्हणून मी ती वर्षानुवर्षं जपली.

गेल्या पावसाळ्यात ती पडली आणि मग उठलीच नाही. पुण्याहून बायकोसह आलेल्या सुनीलनं तिला दवाखान्यातून घरी आणलं, खाट मागच्या खोलीत ठेवली, दारातून परडं दिसेल अशी. तिथं पाणी घालायचं काम माझ्याकडं आलं. शेवटच्या काही दिवसांत अन्न जाईना. सुनीलची बायको एका दुपारी मला म्हणाली, "मामा, काहीतरी चटकदार हवंय म्हणतात, पण काय ते सांगत नाहीत." मला कळलं काय ते. मी खाटेशी जाऊन बसलो. खोलीत आम्ही दोघंच होतो.

"आक्का," मी म्हणालो, "त्या दिवशी बादली झाकलेली हुती. मी बघितलेलो."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग तिच्या चेहऱ्यावर ते जुनं हसू आलं, तंबाखूवाली म्हणणाऱ्या बायकांना उत्तर देतानाचं. "आता मन राखतोस व्हय रं?" ती म्हणाली. "राख, राख. जाणाऱ्याचं राखावं."

त्या वेळी पुढचं वाक्य बोलायला हवं होतं. औषध मी ठेवलं होतं, एवढंच. त्या एका वाक्यानं तिला पहिलं वाक्य खरं वाटलं असतं. जीभ वळली नाही असं म्हणणं खोटं ठरेल. मला सुटल्यासारखं वाटलं होतं. सांगून तर झालं, तिनं ऐकून तर घेतलं, असं मनानं म्हटलं आणि मी गप्प बसलो. "वांग्यास्नी पाणी घातलास?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "घातलो." मग तिनं डोळे मिटले.

दहाव्याला पिंडापुढच्या पानात तिच्या आवडीचं सगळं वाढलं होतं. मी विचारलं, "वांगं?" सुनील म्हणाला, "आईनं सोडलं होतं की, मामा." कावळा आम्ही मागं सरकायच्या आत शिवला. सगळ्यांना बरं वाटलं. कुणीतरी म्हणालं, "बघा, म्हातारीची कायसुद्धा इच्छा राहिली न्हवती." मी तिथून बाजूला झालो.

हे छापायला देण्याआधी मी सुनीलला सांगितलं. त्याच्या घरी जाऊन, त्याच्या बायकोसमोर. वाटलं, बाहेर काढेल. त्यानं काढायलाही हवं होतं. शेवटी म्हणाला, "एकदा तिला सांगायचं होतं हो मामा... वांगं तरी खाल्लं असतं तिनं." त्याच्या बायकोनं मला चहा दिला. तो मी प्यायलो नाही.

माफी मागायची कशी हे मी इतकी वर्षं मनात घोकत आलो होतो. शब्द कमी-जास्त करत होतो, कधी आप्पांचं नाव घालत होतो, कधी ताण्याचं कारण पुढं करत होतो. आता कारणं गळून पडली आहेत. तिच्या खाटेशी बसून बोलायचं राहिलं ते एवढंच होतं:

आक्का, बादली तू झाकली हुतीस. फरशी ठेवलीस, धोंडा ठेवलास, हलवून बी बघितलास. उंदराचं औषध मी ठेवलो, तुझी शपथ घिऊन. सूनबाई माझ्याम्होरनं उंदीर घिऊन गेली आन् मी हाक मारलो न्हाय. तुझ्या हातानं काय बी झालं न्हाय. तुझा हात चांगला हाय. वांगं खा. माझं चुकलं.